हिशेबाची वही : बिऱ्हाड हलवायचंय? आधी यादी करा!



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. विंचवाचे बरे असते बरं का! त्याला ना गाडीभाडे, ना हमाली, ना घरमालकाची अनामत. पाठ उचलली की घर निघाले. माणसाचे तसे नाही. माणसाच्या बिऱ्हाडात कपाट असते, कूलर असतो, गव्हाची कोठी असते आणि "हे मी टाकू देणार नाही" म्हणून आजीने जपलेला पितळी बंबही असतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बदल्यांचे आदेश निघतात. शिक्षक, परिचारिका, पोलीस, बँकेतले कर्मचारी अशा कितीतरी घरांत मग जेवताना आईबाबा हळू आवाजात आकडे बोलू लागतात. "गाडीवाला किती म्हणतो?" "तेवढे कुठून आणायचे? जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आहेच." तुम्हाला वाटते, हा मोठ्यांचा विषय. मुळीच नाही! या हिशेबातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम मुलेच उत्तम करू शकतात. कोणते ते आता बघू या.

आज आपण वहीत एक बिऱ्हाड हलवू. समजा, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्याला एक चौघांचे कुटुंब राहते. बाबांची बदली त्याच जिल्ह्यातल्या खामगावला झाली. अंतर ६० किलोमीटर धरू. पुढचे दर आणि मापे उदाहरणासाठी धरलेली आहेत. खरे दर तुमच्या गावात विचारूनच लिहायचे.

पहिले पान : यादी

बहुतेक घरांत आधी गाडीवाल्याला फोन होतो. "खामगावला सामान न्यायचंय, किती घ्याल?" तो विचारतो, "सामान किती?" आणि उत्तर मिळते, "असंच, थोडंसं!" इथेच हिशेब बिघडतो. गाडी दारात आल्यावर तो सामान पाहतो आणि म्हणतो, "अरे बाप्पा, येवढं सामान! हे एका फेरीत नाही बसत." दारात उभ्या गाडीशी घासाघीस करणे फार अवघड. म्हणून यादी आधी, फोन नंतर.

मापाची टेप घ्या आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार केला की घनफूट मिळतात. शाळेत शिकलेले घनफळ असे कामाला येते. आपल्या घरात काय निघाले?

दोन लोखंडी कपाटे, प्रत्येकी ६ × ३ × १.५ = २७, म्हणजे ५४ घनफूट.
फ्रीज ५ × २ × २ = २०.
कूलर ३ × २.५ × २ = १५.
जुना दिवाण ६ × ३ × १.५ = २७.
चार गाद्या, प्रत्येकी ६, म्हणजे २४.
वीस खोकी, प्रत्येकी २ × १.५ × १.५ = ४.५, म्हणजे ९०.
एकूण २३० घनफूट.

आता गाडी मोजू. समजा, पिकअपची मागची जागा ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. सामान ५ फूट उंच रचले, तर २०० घनफूट जागा झाली. पण सामान म्हणजे काही विटा नव्हेत. मध्ये फटी राहतात. म्हणून पाचवा हिस्सा, म्हणजे ४० घनफूट, वाया धरायचे. उरले १६०.

सामान २३०, जागा १६०. म्हणजे दुसरी फेरी आली, नाहीतर मोठी गाडी. दोन्हींत पैसे जास्त.

आता यादीवर पुन्हा नजर टाका. दिवाणाला वाळवी लागलेली आहे. तो खामगावला नेऊन काय करायचे? २७ कमी झाले. खोक्यांत काय काय भरायचे होते? रद्दी, झाकण हरवलेले डबे, आखूड झालेले कपडे, मागच्या इयत्तांची पुस्तके. पुस्तके गावातल्या लहान मुलांना द्या, रद्दी विका. उरलेले कपडे गाद्यांच्या वळकटीत बांधा. मोठ्या पातेल्यात छोटे पातेले ठेवा. पाण्याचे पिंप रिकामे नेऊ नका, त्यात उशा आणि चादरी मावतात. असे करता करता वीस खोक्यांची दहा झाली, तर ४५ घनफूट वाचले.

२३० मधून २७ आणि ४५ वजा केले की उरले १५८. बसले की नाही एका फेरीत? एक रुपयाही घासाघीस न करता एक अख्खी फेरी वाचली. म्हणून सांगतो, बिऱ्हाड हलवण्याचा खर्च गाडीवाल्याच्या तोंडी नसतो, तो आपल्या यादीत असतो.

दुसरे पान : रिकामी गाडीही भाडे खाते

मोठ्या शहरांत घर हलवून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना सगळे 'पॅकर्स अँड मूव्हर्स' म्हणतात. त्यांची माणसे येतात, सामान बांधतात, चढवतात, नेतात आणि उतरवतात. एकाच शहरात घर बदलायचे असेल, तर त्या बहुधा ठोक रक्कम सांगतात. ती ठरवताना सामान किती, कितवा मजला, लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत जाते का, कपाट-पलंग सुटे करायचे का, हे पाहतात. महिनाअखेर, रविवार, लग्नसराई असेल तर दर चढतो. सोनाळ्यात सोनाजी महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत गाडी शोधायला निघालात, तर काय होईल ते तुम्हीच सांगा!

अशी कंपनी आपण अकोल्याहून बोलावली असे समजू. तिची गाडी अकोल्याहून रिकामी निघेल, सोनाळ्याला येईल (८० किलोमीटर धरू), सामान घेऊन खामगावला जाईल (६०) आणि तिथून रिकामी अकोल्याला परतेल (५०). एकूण १९० किलोमीटर. आपले सामान घेऊन गाडी धावली फक्त ६०, पण डिझेल जळले १९० चे. तो खर्च कंपनी आपल्याच दरात धरणार. यात लबाडी काही नाही, गाडी हवेवर चालत नाही.

सोनाळ्याचीच गाडी घेतली तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर. आणि खामगावहून किराणा घेऊन सोनाळ्याला आलेली गाडी रिकामी परतत असेल तर? तिला मिळेल ते भाडे फायद्याचेच. अशा 'परतीच्या गाडी'ची चौकशी किराणा दुकानात आणि कृषी केंद्रात करायची.

तिसरे पान : दोन हिशेब, शेजारी शेजारी

गाडीचा दर दोन्हीकडे किलोमीटरला २५ रुपये धरू. वीजमिस्त्री, कूलर-पंख्याची उतरवाउतरव यांचे ६०० आणि त्या दिवशीच्या चहा-जेवणाचे ५०० असे १,१०० रुपये दोन्हीकडे सारखे.

हिशेब पहिला, सगळे आपणच करायचे : गाडी १२० × २५ = ३,०००. सोनाळ्यात चार हमाल आणि खामगावात चार, प्रत्येकी ४०० प्रमाणे ३,२००. खोकी, सुतळी, चिकटपट्टी ७००. सारखा खर्च १,१००. एकूण ८,००० रुपये.

हिशेब दुसरा, कंपनीला द्यायचे : गाडी १९० × २५ = ४,७५०. बांधणीचे सामान २,५००. चार माणसांची दिवसाची मजुरी ३,६००. बेरीज १०,८५०. त्यावर जीएसटी १८ टक्के धरला, तर १,९५३. सामानाची किंमत एक लाख सांगून शेकडा दोनने विमा घेतला, तर २,०००. सारखा खर्च १,१००. एकूण १५,९०३ रुपये.

फरक ७,९०३ रुपयांचा. "मग काय, पहिलाच हिशेब बरा!" असे तुम्ही म्हणाल. थांबा. पहिल्या हिशेबात एक ओळ राहून गेली आहे. ती दहा खोकी कोण बांधणार? रात्री अकरापर्यंत भांडी कागदात कोण गुंडाळणार? बहुतेक घरांत आई. तिच्या चार दिवसांच्या मेहनतीपुढे आपण शून्य लिहिले! शिवाय वाटेत आरसा फुटला, तर तो खर्चही आपलाच.

म्हणून उत्तर प्रत्येक घराचे वेगळे येते. हाताशी मामा-काका असतील, काचेचे सामान कमी असेल आणि घरातले सगळे बांधाबांधीला लागणार असतील, तर पहिला हिशेब बरा. आईबाबा दोघेही नोकरीला जात असतील, घरात आजारी आजोबा असतील, तर दुसऱ्याचे पैसे वाया जात नाहीत. मधला मार्गही आहे. बांधणी आपण करायची आणि फक्त चढवणे, नेणे, उतरवणे यांचा दर विचारायचा.

कोणताही मार्ग घ्या, एकूण रकमेचा दहावा हिस्सा वेगळा ठेवा. पहिल्या हिशेबात तो ८०० रुपये होतो. पाऊस आला, ताडपत्री लागली, गाडी पंक्चर झाली, की तो कामी येतो. नाही लागला, तर नव्या घरात गोडधोड!

चौथे पान : दर ठरवताना

दर तिघांना विचारायचा आणि तिघांनाही तीच यादी दाखवायची. नाहीतर एकाने दहा खोक्यांचा सांगितलेला दर आणि दुसऱ्याने वीस खोक्यांचा, यांची तुलना कशी होणार? फारच स्वस्त दर सांगणाऱ्यापासून जरा सावध. सामान गाडीत चढल्यावर "आता आणखी पाच हजार द्या, नाहीतर उतरवत नाही" म्हणणारे लबाड लोकही या धंद्यात आहेत. म्हणून कागदावर लिहून घ्या : किती वस्तू, कोणती तारीख, एकूण रक्कम, जीएसटी धरून की वेगळा, हमाली धरून की वेगळी, तुटफूट झाली तर भरपाई काय. आगाऊ रक्कम थोडीच द्या, उरलेली सामान उतरल्यावर. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सरकारी नोकरीत प्रशासनाने केलेल्या बदलीला सामान नेण्याचा भत्ता मिळतो. स्वतः मागून घेतलेल्या बदलीला तो सहसा मिळत नाही. बाबांना विचारा आणि पावत्या एका पाकिटात सांभाळण्याचे काम तुम्ही घ्या.

पाचवे पान : ओझे उचलणारे हात

पहिल्या हिशेबातले ३,२०० रुपये पुन्हा पाहा. तिथे काटछाट करावी असे अनेकांना वाटते. "एवढंसं तर काम! दोनशे घ्या." पण कपाट पाठीवर घेऊन जिना उतरणे हे एवढंसं काम नव्हे.

महाराष्ट्रात डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगाराला माथाडी म्हणतात, माथा म्हणजे डोके यावरून. या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली खास कायदा केला. त्यासाठी लढणाऱ्यांत अण्णासाहेब पाटील होते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. एका माणसाने किती ओझे उचलावे, हाही या लढ्यातला प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषावर ५५ किलोपेक्षा जास्त ओझे देऊ नये. बाजारात मात्र शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारे हमाल पुढेही कितीतरी वर्षे दिसत.

तुम्ही काय करू शकता? पुस्तके मोठ्या खोक्यात भरू नका. कागद फार जड असतो. पुस्तकांना लहान खोके, उशा-पांघरुणांना मोठे. मजुरी आधी ठरवा आणि ठरलेली पूर्ण द्या. पाण्याची घागर आणि पेला दाराशी ठेवा. याला खर्च शून्य!

सहावे पान : अख्खे गाव हलते तेव्हा

सोनाळ्याच्या जवळच अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. वाघांना मोकळे जंगल मिळावे म्हणून मेळघाटातली काही गावे बाहेर वसवण्यात आली. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला अकोट तालुक्यात आली. तिथे एकेक बिऱ्हाड नव्हे, अख्खे गाव हलले. त्यांत कोरकू आदिवासी कुटुंबे होती.

अशा गावांसाठी केंद्र सरकारने २००८ साली प्रत्येक कुटुंबामागे १० लाख रुपये ठरवले. २०२१ साली ते १५ लाख केले. कुटुंबाने रोख रक्कम घ्यायची किंवा वन खात्याने पुनर्वसन करून द्यायचे, असे दोन पर्याय. दुसऱ्या पर्यायात रकमेचे भाग पाडलेले आहेत. शेतजमिनीसाठी ३५ टक्के, जुन्या हक्कांच्या बदल्यात ३०, घर आणि घराच्या जागेसाठी २०, प्रोत्साहन म्हणून ५, आणि रस्ता, पाणी, वीज, समाजमंदिर, देवस्थान, स्मशानभूमी अशा सगळ्यांच्या सोयींसाठी १० टक्के.

आता एक गंमत पाहा. या पाच भागांत ट्रकच्या भाड्याला वेगळी ओळ नाही. जमीन, हक्क, पाणी, रस्ता यांच्यापुढे गाडीभाडे अगदी लहान. पण ज्या ओळी आहेत त्यांची सोय प्रत्यक्षात नीट झाली नाही, तर काय होते? नव्या जागी पाणी, दवाखाना, रोजगार नीट मिळत नाही, अशी तक्रार अनेक पुनर्वसित कुटुंबांनी केली. गुल्लरघाट, केलपाणी अशा गावांतली काही कुटुंबे तर पुन्हा जंगलातल्या आपल्या जुन्या गावी गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे वन कर्मचाऱ्यांशी मोठा संघर्ष झाला. सामान पोचले होते, घर पोचले नव्हते.

आपल्या लहानशा बिऱ्हाडालाही हेच लागू. म्हणून वहीत 'पोचल्यानंतर' असे एक पान ठेवा. त्यात लिहा : नव्या घराची अनामत, दोन घरांचे भाडे एकाच महिन्यात आले तर ते, जुन्या घराचे शेवटचे वीजबिल, गॅसची जोडणी बदलणे, नवा गणवेश, शाळेला जायचे बसभाडे. कित्येकदा ही बेरीज गाडीभाड्यापेक्षा मोठी निघते.

आणि एक ओळ खास तुमची : शाळा सोडल्याचा दाखला. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलाला शाळा बदलायची असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवायचा किंवा लांबवायचा नाही. हे आईबाबांना नक्की सांगा.

हे विसरू नका

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून आतला बर्फ वितळू द्या. तो उभाच न्या आणि नव्या घरी काही तास तसाच ठेवून मग सुरू करा.

दागिने, रोख पैसे, दाखले, औषधे आणि शाळेच्या गुणपत्रिका गाडीत नाही, आईजवळच्या पिशवीत.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाका आणि वहीत लिहा, 'क्रमांक ४, स्वयंपाकघर'. चढवताना आणि उतरवताना मोजा. दहा चढली, तर दहाच उतरली पाहिजेत.

आणि सामानावर बसून जायची हौस कितीही असली, तरी मालगाडीच्या मागे कुणी बसायचे नाही. ते कायद्याने मना आहे. कपाट सरकले, तर ते तुमचे वय विचारत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

बिऱ्हाड हलते तेव्हा मुलांचे मित्र, शाळा आणि खेळायचे अंगण एकदम सुटते. त्यांना नुसते "मध्ये मध्ये करू नका" म्हणण्याऐवजी टेप आणि वही हातात द्या. घरचे आकडे मुलांसमोर बोलल्याने मुले घाबरत नाहीत, उलट जबाबदार होतात. खेळण्यांचा एक खोका मात्र त्यांच्या मर्जीने भरू द्या, घनफूट न मोजता!

या आठवड्याचा गृहपाठ

१) तुमच्या घरातल्या पाच मोठ्या वस्तू मोजा आणि त्यांचे घनफूट काढा.

२) खामगावहून आलेली गाडी सोनाळ्याहून रिकामी परतणार आहे. तिने ६० किलोमीटरचे २५ रुपये दराने भाडे आणि त्यावर १० टक्के जास्त घेतले. पहिल्या हिशेबातले गाडीभाडे किती रुपयांनी कमी होईल? नवी एकूण बेरीज किती?

(दुसऱ्याचे उत्तर : गाडीभाडे १,६५० रुपये, बचत १,३५० रुपये, नवी बेरीज ६,६५० रुपये.)